शिंगांचे बेगड आणि बैलाचे बळ

मुलांना शाळेत सोडणाऱ्या, कचेरीत नेणाऱ्या आणि सणावाराला गावी जाणाऱ्या साध्या कौटुंबिक मोटारींच्या पाठीवर अलीकडे शर्यतीच्या मैदानातील अक्षरे झळकू लागली आहेत. काळे छत, आसनांना लाल शिलाई, सायलेन्सरची दोन तोंडे आणि ‘स्पोर्ट’ किंवा ‘लाइन’ असा एखादा शब्द, एवढा हा साज असतो. त्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात. ते नेमके कशाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः ही अक्षरे मुळात पोकळ नव्हती. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या ‘मिनी’ या चिमुकल्या मोटारीचे इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे व ३४ अश्वशक्तीचे होते. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपर यांचे नाव १९६१ साली तिला जोडले गेले, तेव्हा इंजिन ९९७ घनसेंटिमीटरचे झाले आणि शक्ती ५५ अश्वशक्तीवर गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. वेग वाढवावयाचा तर थांबण्याची क्षमताही वाढविली पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. पुढे तिच्याच अधिक बलवान आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची रॅली जिंकली. बीएमडब्ल्यूचे ‘एम’ हे अक्षरही १९७२ साली स्थापन झालेल्या तिच्या शर्यत-विभागातून आले. नाव ही तेव्हा केलेल्या कामाची पावती होती.

आज ती पावती कामावाचूनही मिळू लागली आहे. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या ‘टायगुन’ व ‘व्हर्टस’ या मोटारींत ‘जीटी’ म्हणजे दीड लिटरचे, सुमारे १५० अश्वशक्तीचे इंजिन, असा संकेत होता. २०२४ साली ‘जीटी लाइन’ आली. तिचे इंजिन साध्या आवृत्तीतलेच, एक लिटरचे व सुमारे ११५ अश्वशक्तीचे होते. ह्युंदाईची ‘आय-ट्वेंटी एन’ युरोपात २०४ अश्वशक्तीची होती. भारतात २०२१ साली आलेल्या ‘आय-ट्वेंटी एन लाइन’मध्ये मात्र साध्या ‘आय-ट्वेंटी’च्या टर्बो आवृत्तीतलेच १२० अश्वशक्तीचे इंजिन होते. सस्पेन्शन किंचित ताठ केले होते, सायलेन्सरचा आवाज बदलला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि ‘लाइन’ या एका शब्दाने किती अश्वशक्ती वजा झाली, हे दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाच्या ध्यानात सहसा येत नाही.

कंपन्या असत्य सांगतात असे नव्हे. माहितीपत्रकात इंजिनाचे आकडे छापलेले असतात. परंतु ते बारीक अक्षरांत, आणि बिल्ला मात्र ठळक. खरे काम करावयाचे तर ते महाग पडते. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जेयेम या संस्थेच्या सहकार्याने २०१८ साली ‘टियागो जेटीपी’ काढली आणि साध्या टियागोच्या ८५ अश्वशक्तीच्या जागी ११४ अश्वशक्तीचे इंजिन दिले. २०२० साली ती बंद झाली.

यावर कोणी म्हणेल की हौसेला मोल नसते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतात, अंगावर झूल घालतात. ते आपल्याला गैर वाटत नाही. मान्य आहे. पण बेगडामुळे नांगर अधिक खोल जाईल, असे सांगून कोणी बैल विकीत नाही. सजावट सजावटीच्या नावाने विकली जावी, एवढाच मुद्दा आहे.

मुद्दा क्षुल्लक नाही. शिक्षक वा कारकून मोटार घेतो ती बहुधा कर्ज काढून, आणि पुढील पाचसात वर्षे दर महिन्याच्या पगारातून हप्ते फेडतो. या साजाची किंमत त्या हप्त्यांतच, व्याजासह, मिसळलेली असते. शिवाय सगळाच साज निरुपद्रवी नसतो. मोठी चाके आणि अरुंद कडांचे टायर दिसायला देखणे. पण खड्ड्याचा दणका झेलणारी हवेची गादी त्यांत कमी असते आणि टायर बदलण्याचा खर्च अधिक. सर्वांत चिंतेची बाब म्हणजे घरातला तरुण मुलगा त्या अक्षरांवर विश्वास ठेवून मोटार हाकतो. मोटारीच्या रूपाने दिलेले वेगाचे आश्वासन तिचे ब्रेक पाळतीलच असे नाही.

यावर उपाय अवघड नाही. शर्यतीचे नाव धारण करणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या माहितीपत्रकात, पहिल्याच पानावर, साध्या आवृत्तीशी तुलना छापली जावी : इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर यांत काय बदलले, आणि काय बदलले नाही. तोपर्यंत हेच चार प्रश्न ग्राहकाने विक्रेत्याला विचारावेत. उत्तर ऐकूनही लाल शिलाई आवडली, तर ती खुशाल घ्यावी. मात्र आपण शिलाईचे पैसे देत आहोत, हे जाणून घ्यावी.