बदलता पाऊस आणि घरातील मुले

धाराशिव जिल्ह्यास अवर्षण नवे नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये भूम, परंडा भागात पुराने पिके पाण्याखाली गेली व जमिनी खरवडून निघाल्या. घरातील चौदा-पंधरा वर्षांची मुले हे सारे पाहत असतात. पिकाची चिंता आपण करतो. मुलांच्या मनाची मात्र बहुधा राहून जाते.

"पाऊस असा का वागतो?" असे मुलाने विचारल्यास "तू अभ्यास कर" म्हणून त्यास गप्प करू नये. प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे व मग खरे कारण सोप्या शब्दांत सांगावे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो व पृथ्वीची उष्णता कोंडली जाते. हवा एक अंश सेल्सियसने तापली म्हणजे तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस अधिक जोराने कोसळण्याचा संभव वाढतो आणि उघडीप पडली की जमिनीतील ओल लवकर उडते. यात त्याच्या आईवडिलांचा दोष नाही, हेही स्पष्ट सांगावे.

हाती काम असले म्हणजे भीती हलकी होते. मुलाकडे पर्जन्यमापकाची रोजची नोंद सोपवावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, हा हिशेब त्याने स्वतः मांडला की शेततळे व बांधबंदिस्तीचे महत्त्व त्यास पटते. रुंद वरंब्यावर सोयाबीन पेरल्यास ओल टिकते व जादा पाणी सरीतून निघून जाते, हे त्यास शेतातच दाखवावे. मात्र कर्जाची विवंचना मुलांच्या माथी मारू नये.

शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये याच जिल्ह्यात शासनास बळीराजा चेतना अभियान हाती घ्यावे लागले, हे विसरून चालणार नाही. मूल अबोल झाले, त्याची झोप वा भूक उडाली किंवा ते मरणाची भाषा बोलू लागले, तर त्यास एकांतात शांतपणे व सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. अशा मुलास एकटे सोडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर सल्ला घ्यावा. ही सोय रात्रंदिवस उपलब्ध आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व सभेत बियाणे व खते यांबरोबर या विषयासही पंधरा मिनिटे द्यावीत व त्या सभेस मुलांनाही आवर्जून बोलवावे.