‘माझ्या माहितीप्रमाणे’ची किंमत

जुन्या फ्लॅटचं खरेदीखत वाचायला घेतलं, की एक वाक्य हमखास भेटतं: ‘सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तिच्यावर कोणाचाही बोजा, गहाण वा दावा नाही.’ विकणाऱ्याच्या वकिलाने त्याच्या आधी ‘लिहून देणार यांच्या माहितीप्रमाणे’ एवढंच घातलं, की सगळं चित्र पालटतं. उद्या एखाद्या बँकेचं गहाण निघालं, तर पहिल्या मसुद्यात विकणारा सरळ अडकतो. दुसऱ्यात तो म्हणणार, मला कुठे माहीत होतं? मग त्याला ते माहीत होतं, हे सिद्ध करत बसायचं तुम्ही.

गंमत अशी, की घेणाऱ्याला मात्र अशी पळवाट कायद्याने फारशी ठेवलेली नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं तिसरं कलम सांगतं, की एखादी गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असली तर ती माहीत आहेच. पण जी चौकशी करायला हवी होती ती मुद्दाम टाळली, किंवा घोर निष्काळजीपणा केला, तरीही ती माहीत होती असंच धरलं जाईल. नोंदणी झालेला दस्त कोणी वाचला नसला तरी पुढच्या खरेदीदाराने वाचल्यासारखाच.

त्याहून धारदार तरतूद ताब्याची आहे. फ्लॅट बघायला गेलात, गॅलरीत कपडे वाळत होते, आत एक कुटुंब राहत होतं. एजंट म्हणाला, ‘भाडेकरू आहेत, महिनाभरात जातील.’ तुम्ही त्यांना एका शब्दाने विचारलं नाहीत. पुढे त्या कुटुंबाने आपलं जुनं साठेखत पुढे केलं, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे तुमचं म्हणणं टिकणं अवघड. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाचा जो काही हक्क असेल, त्याची माहिती घेणाऱ्याला आहे असं कायदा मानतो. तुमच्या वतीने काम पाहणाऱ्या वकिलाला त्याच कामात जे कळलं, तेही करार कायद्याच्या कलम 229 प्रमाणे तुम्हालाच कळलेलं असतं.

आणि पेपरातली ती ‘जाहीर नोटीस’? ‘चौदा दिवसांत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला असे समजले जाईल’ ही धमकी वाटते तितकी जोरकस नसते. नोटीस न वाचणाऱ्याचा हक्क तेवढ्याने बुडत नाही. तुम्ही खबरदारी घेतलीत, याचा तो एक पुरावा, इतकंच.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत हाच प्रश्न कोट्यवधींचा होतो. ‘विक्रेत्याच्या माहितीप्रमाणे कंपनीविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही’ असं लिहिलं, तर माहिती नेमकी कोणाची? कंपनीला डोकं नसतं. म्हणून मुरलेले वकील व्याख्येत थेट नावं घालतात: व्यवस्थापकीय संचालक, वित्तप्रमुख, कंपनी सचिव. विकणाऱ्याला ही यादी दोघांची हवी असते, घेणाऱ्याला त्यात कारखान्याचा मॅनेजरही हवा असतो, कारण प्रदूषण मंडळाची नोटीस पहिल्यांदा त्याच्याच टेबलावर येते. मग पुढची रस्सीखेच: प्रत्यक्ष माहिती पुरेशी, की ‘रीतसर चौकशी करून झालेली माहिती’? माझं मत विचाराल, तर या चार शब्दांवर अडून बसलेला खरेदीदार किमतीत चार पैसे सोडणाऱ्यापेक्षा शहाणा.

रॅनबॅक्सीचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. 2008मध्ये जपानच्या दाइची सांक्योने मालविंदर आणि शिविंदर सिंग यांच्याकडून कंपनीचा ताबा घेतला. औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीत फेरफार झाल्याचं सांगणारा 2004चा एक अंतर्गत अहवाल आपल्यापासून लपवला, असा दाइचीचा दावा. विक्रेत्यांचं उत्तर: अमेरिकेतली चौकशी उघड होती, तुम्हाला शोधता आलं असतं. शिवाय दावा मुदतबाह्य आहे. फसवणुकीत मुदत मोजली जाते ती फसवणूक कळल्यापासून, किंवा वाजवी तत्परतेने कळू शकली असती तेव्हापासून. दाइचीच्या म्हणण्याप्रमाणे खरा प्रकार कळला नोव्हेंबर 2009मध्ये. लवादाकडे ती गेली नोव्हेंबर 2012मध्ये. म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीच्या अगदी काठावर. एप्रिल 2016मध्ये सिंगापूरला बसलेल्या लवादाने बहुमताने दाइचीच्या बाजूने 2,562 कोटी रुपयांची भरपाई दिली, आणि जानेवारी 2018मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, अल्पवयीन भागधारकांना वगळून, निवाडा कायम ठेवला. कोणाला काय कधी कळलं, यावर सारा खेळ.

बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्याला मात्र 2016च्या रेरा कायद्याने या झमेल्यातून बरंचसं सोडवलं आहे. कलम 18 प्रमाणे जमिनीच्या मालकी हक्कातल्या दोषामुळे नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. त्याला दोष माहीत होता की नव्हता, हा प्रश्नच नाही. या दाव्याला मुदतीचं बंधनही नाही.

जुना फ्लॅट घेताना हे छत्र नसतं. म्हणून विसार देण्याआधी मसुदा मागा आणि ‘माहितीप्रमाणे’ जिथे जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तो शब्द काढायला सांगा. विकणारा ऐकत नसेल, तर कोणाची माहिती, कोणत्या तारखेची आणि कोणते कागद तपासून, हे लिहून घ्या. त्यालाही तो तयार नसेल, तर विसार देऊ नका.