गाणी राहिली, नोंदवही गेली

१७ नोव्हेंबर २०१६ च्या दिवशी व्हॉट.सीडी ही वेबसाइट उघडणाऱ्या सदस्यांना नेहमीच्या पानाच्या जागी मोजक्या ओळींचा निरोप दिसला. अलीकडे घडलेल्या काही गोष्टींमुळे साइट बंद होत आहे, सध्याच्या रूपात ती इतक्यात परत येण्याची शक्यता नाही, साइटचा आणि सदस्यांचा सगळा डेटा नष्ट केलेला आहे, एवढाच मजकूर. बिनपगारी काम करणाऱ्यांनी नऊ वर्षं खपून उभा केलेला, ध्वनिमुद्रित संगीताचा एक प्रचंड संग्रह त्या दिवशी संपला. संग्रह म्हणताना मात्र जरा थांबायला हवं, कारण त्या साइटच्या सर्व्हरवर एकही गाणं नव्हतं.

हे कसं, ते कळायला आधी इंग्लंडच्या ईशान्येकडच्या मिडल्सब्रो या औद्योगिक गावात जावं लागतं.

तिथे ॲलन एलिस नावाच्या तरुणाने मे २००४ मध्ये ‘ओइंक्स पिंक पॅलेस’ सुरू केलं. साइट तो मोकळ्या वेळात चालवायचा. साइट बिटटोरंट पद्धतीवर चालायची. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये आणलेल्या या पद्धतीत फाइल एका जागी साठवलेली नसते. ती सदस्यांच्या घरच्या संगणकांवर असते. ज्याला हवी तो एकाच वेळी अनेकांकडून तिचे तुकडे घेतो आणि हाती आलेले तुकडे लगेच पुढच्याला देऊ लागतो. मधल्या सर्व्हरला ट्रॅकर म्हणतात. कोणती फाइल सध्या कोणाकडे मिळेल, एवढंच तो सांगतो.

सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ट्रॅकरवर माणसं फाइल उतरवून घेतात आणि निघून जातात. ओइंकवर ते चालत नसे. निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता आणि आत आल्यावर प्रत्येकाचा ‘रेशो’ मोजला जाई: किती घेतलं, किती दिलं. भिशीत पहिली उचल घेऊन पुढचे हप्ते बुडवणाऱ्याला पुन्हा कोणी घेत नाही, तसंच रेशो घसरलेल्याचं खातं बंद व्हायचं. त्यामुळे एकदा आलेला अल्बम पुढे कितीतरी महिने मिळत राही, कारण कोणी ना कोणी तो आपल्या संगणकावरून देत असे. सदस्यसंख्या १ लाख ८० हजारांवर गेली.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. पैसे मोजून विकत घेतलेल्या गाण्याला तेव्हा कुलूप असे. ॲपलच्या दुकानातलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजत नसे. ॲमेझॉनने कुलूप नसलेली एमपी३ गाणी विकायला सुरुवात केली ती सप्टेंबर २००७ मध्ये, आणि ॲपलने आपल्या दुकानातल्या सगळ्याच गाण्यांची कुलपं काढायची ठरवली ती थेट २००९ मध्ये. प्रामाणिक गिऱ्हाइकाला अडचण आणि फुकट उतरवणाऱ्याला सोय, अशी उलटी तऱ्हा होती. १० ऑक्टोबर २००७ ला रेडिओहेड या ब्रिटिश बँडने आपला ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या साइटवर ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून ठेवला. नव्या वाटेची ती पहिली मोठी खूण होती.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, पोलिसांनी एलिसला अटक केली. तो तेव्हा २४ वर्षांचा होता. ॲमस्टरडॅममधले सर्व्हर डच अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले. बाजारात येण्याआधीच अल्बम फुटण्याचं हे प्रमुख ठिकाण आहे आणि त्या एका वर्षात साठाहून जास्त अल्बम इथून फुटले, असा ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आरोप होता. तो आरोप हलका नव्हता. एखाद्या छोट्या कंपनीने वर्षभर राबून केलेली ध्वनिमुद्रिका विक्रीला येण्याच्या तीन आठवडे आधीच जगभर फिरत असेल, तर गाणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं नुकसान होतंच. संगीतावर प्रेम आहे म्हणून ते भरून येत नाही.

तरीही थोड्याच दिवसांत नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने एका मुलाखतीत सांगून टाकलं की, ओइंकवर आपलंही खातं होतं आणि जगातलं सर्वांत उत्तम रेकॉर्डचं दुकान म्हणावं अशी ती जागा होती. ज्याची स्वतःची गाणी तिथे फुकट फिरत होती, त्या कलावंताचं हे मत आहे. पुढे हाच रेझ्नर बीट्स म्युझिक आणि मग ॲपल यांच्या स्ट्रीमिंग सेवा घडवण्याच्या कामात गेला.

एलिसवर खटला चालला तो टीसाइड क्राउन कोर्टात. आरोप कॉपीराइटभंगाचा नव्हता, फसवणुकीचा कट केल्याचा होता. सदस्यांनी दिलेल्या देणग्यांचे तीन लाख डॉलरच्या जवळपास त्याच्याकडे साठले होते आणि सरकारी पक्षाचा भर त्यावर होता. आपण फक्त माणसांची एकमेकांशी गाठ घालून देत होतो, गुगल करतं तसंच, असं त्याचं म्हणणं. जानेवारी २०१० मध्ये ज्युरीने त्याला एकमताने निर्दोष ठरवलं. तोवर ओइंक बंद होऊन सव्वादोन वर्षं उलटली होती.

त्या सव्वादोन वर्षांत जागा रिकामी राहिली नव्हती. ओइंक बंद पडल्यानंतर काही दिवसांतच दोन नवे ट्रॅकर उभे राहिले: वॉफल्स आणि व्हॉट.सीडी. ‘.सीडी’ हा खरं तर काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा इंटरनेटवरचा पत्ता, पण संगीतवाल्यांना तो नेमका हवा तसा मिळाला. नवी साइट चालवणाऱ्यांनी आपली खरी नावं कधीच पुढे आणली नाहीत. मिडल्सब्रोत एका घराच्या दारावर पोलिसांची थाप पडली होती, हे ते विसरले नव्हते.

व्हॉट.सीडीत शिरायला निमंत्रण तरी लागे, नाहीतर मुलाखत. ही मुलाखत चॅटवर होई आणि तिच्यासाठी रांगेत तासन् तास थांबावं लागे. अभ्यास केल्याशिवाय ती पार पडत नसे. बिटरेट म्हणजे काय? दर्जा न गमावता आकार कमी करणारा फ्लॅक आणि दर्जा गमावणारा एमपी३ यांत फरक काय? एकदा एमपी३ केलेल्या फाइलला पुन्हा फ्लॅकचं रूप दिलं तर काय बिघडतं? मग उमेदवारापुढे आलेख ठेवले जात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंपनसंख्या आणि मध्ये रंगांचे पट्टे. सीडीवरचा आवाज २२ हजार हर्ट्झपर्यंत पोहोचू शकतो. १२८ केबीपीएस बिटरेटच्या एमपी३ मध्ये १६ हजारांच्या आसपास, तर ३२० मध्ये २० हजारांच्या आसपास वरचा भाग कात्रीने कापल्यासारखा सपाट दिसतो. फाइलचं नाव ‘फ्लॅक’ आणि आलेख १६ हजारांवर कापलेला, तर ती फाइल खोटी. कान फसतील, आलेख फसत नाही. आलेख पाहून कोणता अस्सल ते ओळखणारा आत येई.

आत आल्यावर शिस्त आणखी कडक. सीडीवरून फाइल करायची तर एका जर्मन प्रोग्रॅमरने लिहिलेलं ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ बहुतेक जण वापरत. ते सीडीचा प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचून पडताळतं आणि शेवटी एक अहवाल लिहितं: कोणत्या ड्राइव्हवर वाचलं, कोणत्या सेटिंगने, कुठे चूक आली. हा अहवाल फाइलसोबत जोडायचा. साइटवरचा एक छोटा प्रोग्रॅम तो तपासून शंभरपैकी गुण देई. कोणाची फाइल ९५ गुणांची असली आणि दुसऱ्याने त्याच सीडीची १०० गुणांची आणली, तर जुनी काढून नवी ठेवायची. माणूस कितीही जुना सदस्य असो, नियम सगळ्यांना सारखाच.

खरी श्रीमंती होती ती नोंदींची. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आपण एकच अल्बम समजतो. जाणकाराला त्यात जपानची १९८३ ची सुरुवातीची सीडी, पुढची रीमास्टर केलेली, तिसाव्या वाढदिवसाची २००३ ची, २०११ ची, असे वेगळे आवाज ऐकू येतात. व्हॉट.सीडीवर अशा प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र जागा होती, लेबलच्या आणि कॅटलॉगच्या क्रमांकासकट. बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या कॅसेट, पाच-दहा देशांत विखुरलेल्या छोट्या कंपन्यांच्या रेकॉर्ड, कोणी घरी बसून एलपीवरून उतरवलेली गाणी, हेही त्यात होतं. एका कलावंताच्या पानावरून त्याच्यासारख्या दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटा सदस्यांनी हाताने बांधल्या होत्या. विषयवार याद्या होत्या. एखादी दुर्मीळ चीज मिळत नसेल तर मागणी नोंदवता येई आणि ती पुरवणाऱ्याच्या रेशोत बक्षीस म्हणून जास्तीचं अपलोड जमा होई.

हे सगळं पेलायला जुनं सॉफ्टवेअर अपुरं पडलं, तेव्हा स्वयंसेवकांनी स्वतःचं लिहिलं. साइटसाठी ‘गॅझेल’, ट्रॅकरसाठी ‘ऑसेलॉट’. दोन्ही त्यांनी सगळ्यांना खुली केली आणि इतर कितीतरी ट्रॅकर त्यावर चालू लागले. रात्री जागून, पगार न घेता, नावही न लावता केलेलं हे काम मोठ्या कंपन्यांच्या कामाच्या तोडीचं होतं. ते ज्या पायावर उभं होतं तो पाया कायद्याने मान्य नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये या साइटचं नाव साहित्याच्या जगात पोहोचलं. जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाच्या तीन अप्रकाशित कथांची स्कॅन केलेली प्रत तिथे आली. त्यातली एक कथा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात देखरेखीखाली बसून वाचता येते आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं ती छापायची नाही अशी अट आहे. सॅलिंजर २०१० मध्ये गेला. म्हणजे खुद्द लेखकाची इच्छा डावलली गेली होती. जतन करणं आणि ओरबाडणं यांतली रेघ या साइटवर नेहमी पाळली गेली, असं म्हणता येत नाही. इथे ती पाळली गेली नाही.

शेवट फ्रान्समध्ये झाला. संगीतकार आणि प्रकाशकांचे हक्क सांभाळणाऱ्या, १८५१ पासून चालत आलेल्या साकेम या संस्थेच्या तक्रारीवरून फ्रेंच पोलिसांच्या सायबर शाखेने काही सर्व्हर जप्त केले. साइट चालवणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. थांबून बघायचं आणि हजारो सदस्यांची माहिती कोणाच्या हाती पडण्याचा धोका पत्करायचा. किंवा स्वतःच्या हाताने सगळं पुसून टाकायचं. ओइंकच्या वेळी काही सदस्यांनाही शिक्षा म्हणून सक्तीची समाजसेवा करावी लागली होती. व्हॉट.सीडी चालवणाऱ्यांनी सगळं पुसलं. निर्णय बरोबर होता. ज्यांनी विश्वासाने नाव नोंदवलं त्यांना वाचवणं हे कोणत्याही नोंदवहीपेक्षा आधी येतं.

गाणी गेली नाहीत. ती जगभरच्या घरांतल्या हार्ड डिस्कवर जशीच्या तशी होती आणि थोड्याच दिवसांत गॅझेलवरच बांधलेल्या नव्या ट्रॅकरवर ती पुन्हा जमू लागली. गेली ती त्यांना एकत्र बांधणारी वही: कोणती आवृत्ती कोणत्या आवृत्तीहून वेगळी, कोणत्या रेकॉर्डवर कोणी वाजवलंय, कोणती यादी कोणी का केली. हजारो माणसांचं हे ज्ञान एका बेकायदा इमारतीत ठेवलेलं होतं, म्हणून इमारतीबरोबर तेही गेलं. कलावंतांच्या हक्कासाठी लढणाऱ्यांनाही त्या वहीचा काही त्रास नव्हता. ती वाचवायला हवी होती.

ती वेगळी ठेवता येते, याला पुरावे आहेत. ग्रेटफुल डेडसारखे बँड आपल्या मैफिली ध्वनिमुद्रित करायला रसिकांना परवानगी देत आले. त्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह स्वयंसेवकांच्या मदतीने २००२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सुरू झाला आणि तो आजही उघडता येतो. परवानगी घेतलेली होती, म्हणून तो टिकला. म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्ज हे दोन नोंदसंग्रह २००० सालचे. तिथे गाणं नसतं, गाण्याची माहिती असते, आणि म्युझिकब्रेन्झवरची मूळ माहिती तर कोणीही वापरावी अशी मोकळी ठेवलेली आहे.

स्पॉटिफाय २००८ मध्ये युरोपात आलं, २०१९ मध्ये भारतात. गाणं आता बोटाच्या टोकावर आहे. पण एखादं जुनं भावगीत लावून बघा: तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, रेकॉर्ड कोणत्या सालची, यातलं बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ही माहिती अजून घराघरांत आहे, रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर आणि कॅसेटच्या डबीतल्या घडी घातलेल्या कागदावर. ती उतरवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या घरी अशी एखादी तबकडी किंवा कॅसेट असेल, तर तिचा क्रमांक, साल आणि साथीदारांची नावं म्युझिकब्रेन्झवर नोंदवा. कागद पिवळा पडून अक्षर पुसट व्हायच्या आत नोंदवा.