लक्षणे दिसण्याआधी : गोठा, पेंड आणि बाळाचे हृदय

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचे. होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून इथे ‘फुले त्रिवेणी’ गाय घडली. याच विद्यापीठाच्या जळगाव केंद्राने १९७० च्या दशकाअखेरीस जेएल-२४ म्हणजे ‘फुले प्रगती’ हा लवकर येणारा भुईमूग दिला. तो पुढे मलावी आणि झांबियापर्यंत पोचला. दूध वाढले, शेंग वाढली. आता संशोधन डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषांकडे वळले आहे.

गाय व्यायल्यानंतरचे पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक. दूध झपाट्याने वाढते, भूक मागे राहते. ही तूट भरून काढायला गाय अंगावरची चरबी वापरते. यकृताला ती सगळी पेलत नाही आणि रक्तात कीटोन साठतात. हीच कितनबाधा. रक्तातले बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट लिटरमागे साधारण १.२ मिलिमोलवर गेले की सुप्त कितनबाधा धरतात. अशी गाय वरून ठणठणीत दिसते, पण दूध कमी देते आणि पुन्हा गाभण राहायला वेळ लावते. दुग्धज्वराचे मूळही याच दिवसांत. चिकासाठी रक्तातले कॅल्शियम एकदम ओढले जाते. म्हणून गाभणकाळाच्या शेवटी कॅल्शियम भरमसाट चारणे घातक ठरते, कारण हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची सवय मंदावते. विण्याआधीच्या आठवड्यांत आहारात ऋणभारित क्षार देऊन ही सवय जागी ठेवता येते.

तेलबियांच्या विश्लेषणाचे दुधाशी नाते जुने आहे. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनी १८७९ मध्ये आपले उपकरण दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी वर्णिले. पुढे तेच तेलबियांच्या प्रयोगशाळांत रुजले. आता निकट-अवरक्त किरणांनी बी न फोडताही तेलाचे प्रमाण कळते. मात्र गोठ्यासाठी महत्त्वाची तपासणी तेलाची नसून पेंडीतल्या बुरशीची. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्याच्या कारणाच्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले. ओलसर साठवलेल्या शेंगा आणि सरकी पेंड यांतही ते तयार होते. पेंडीतून पोटात गेलेल्या या विषाचे गाईचे यकृत ‘एम-१’ मध्ये रूपांतर करते आणि ते दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. भारतीय नियमानुसार दुधात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. पेंडीचा नमुना तपासला तर धोका दुधाच्या किटलीत पोचण्याआधीच अडतो.

बालहृदयशस्त्रक्रियेची वाटही दोष आधीच ओळखण्याच्या याच दिशेने गेली. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. १९३८ मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतरही उघडी राहिलेली रक्तनलिका बांधली. १९५४ मध्ये मिनिआपोलिसला सी. वॉल्टन लिलेहाय यांनी आई किंवा वडिलांच्या रक्ताभिसरणाच्या आधारावर बाळाचे हृदय उघडून दुरुस्त केले. आज अनेक छिद्रे मांडीतल्या शिरेतून नळी घालून, छाती न उघडता बुजवतात. पण उपचाराचे यश निदानाच्या वेळेवर ठरते. जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावला, आणि प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांहून कमी आढळले किंवा दोन्हींत ३ टक्क्यांहून अधिक फरक दिसला, तर पुढची तपासणी करावीच लागते. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या-शाळांत मुलांना तपासतात. जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहे.

तिन्ही क्षेत्रांचा निष्कर्ष एकच : दोष लक्षणांआधी मोजला तर उपाय स्वस्त आणि खात्रीचा होतो. ज्ञान हाताशी आहे. तपासणी मात्र अजून बरीचशी शहरातल्या प्रयोगशाळेत आणि मोठ्या रुग्णालयात अडकून बसली आहे. ती प्रत्येक दूध संकलन केंद्रावर आणि प्रत्येक प्रसूतिगृहात असली पाहिजे. तोवर वाचकांना विनंती : व्यायलेल्या गाईचे रक्त तपासून घ्या, पेंड कोरड्या जागी ठेवा आणि घरातल्या तान्ह्याची हृदयतपासणी झाली का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.