बाळाने ‘घाण पाणी प्यायलं’ म्हणजे काय?

कामरेज-सुरतेकडच्या मराठी घरांतही प्रसूतीनंतर हे वाक्य ऐकू येते. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग पोट धुतलं का?’ पण त्रास पोटात नसतो, फुप्फुसांत असतो. गर्भजलात मेकोनियम (बाळाची पहिली, हिरवट-काळी चिकट शी) मिसळले आणि ते श्वासाबरोबर आत ओढले गेले, तर बारीक श्वासनलिका अडतात. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखे होते. हवा आत जाते, बाहेर पडत नाही. शिवाय सर्फॅक्टंट (फुप्फुसे फुललेली ठेवणारा द्रव) निकामी होतो.

हिरवे पाणी दिसले म्हणजे बाळ आजारी पडणारच, असे नाही. अशा शंभर बाळांपैकी साधारण पाचांनाच हा आजार होतो. जोरात रडणाऱ्या बाळाला आईजवळच ठेवतात. मलूल बाळाच्याही श्वासनलिकेत सरसकट नळी घालून शोषण करणे 2015 नंतर मागे पडले. आधी मास्कने श्वास देतात. ‘नळी घातली नाही’ म्हणजे हयगय झाली, असे समजू नये. पुढे गरजेनुसार ऑक्सिजन, सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा), काही बाळांना व्हेंटिलेटर किंवा सर्फॅक्टंट देतात.

घरी आल्यावर बाळाला धाप लागली, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर घुटी देत न बसता 108 ला फोन करा.