होम थिएटर रिसीव्हर आणि युनिव्हर्सल रिमोट: घरच्यांनाही वापरता येईल असा सेटअप कसा करायचा?

मागच्या वर्षी ऑफिसमधला एक सहकारी परदेशी शिफ्ट होत होता. त्याच्याकडून मी ५.१ चा होम थिएटर सेट घेतला, म्हणजे रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. दिवाळीत तो इचलकरंजीला घरी नेऊन बसवला. कारण साधं होतं. बाबांना हल्ली टीव्हीतले संवाद नीट ऐकू येत नाहीत.

सुट्टी संपवून मी पुण्याला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला, "अरे, चित्र दिसतंय पण आवाज नाही." तिसऱ्या दिवशी, "आवाज आहे पण चित्र निळं झालंय." मग फोन यायचे बंद झाले. मला वाटलं, सवय झाली असेल. पुढच्या महिन्यात घरी गेलो तर रिसीव्हर बंद होता, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि शेजारी चार रिमोट ओळीने ठेवलेले. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. म्हणाले, "तुम्ही बघा, मला त्यातलं काही कळत नाही."

खरं सांगतो, वाईट वाटलं. सेटअप मी माझ्यासाठी केला होता, त्यांच्यासाठी नाही. मग दोन दिवस बसून सगळं पहिल्यापासून केलं. ते कसं केलं, तेच आज स्टेप बाय स्टेप बघूया.

रिसीव्हर नक्की करतो काय?

एव्ही रिसीव्हर तीन कामं करतो. सेट-टॉप बॉक्स, स्टिक, गेमिंग कन्सोल यांपैकी कुणाचं चित्र टीव्हीवर पाठवायचं ते ठरवतो. डॉल्बी किंवा डीटीएस आवाज उलगडून कुठला भाग कुठल्या स्पीकरला जाणार ते वाटून देतो. आणि स्पीकर वाजतील एवढी ताकद त्या सिग्नलला देतो, म्हणजे अँप्लिफायरचं काम करतो. ५.१ मधले ५ म्हणजे पुढचे दोन, मधला सेंटर आणि बाजूचे दोन सराउंड. पॉइंट १ म्हणजे सबवूफर.

स्टेप १: जागा

पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या उंचीवर ठेवा. सराउंड स्पीकर तुमच्या बाजूला पण किंचित मागे हवेत, समोरच्या रेषेपासून साधारण ११० ते १२० अंशांवर.

माझी पहिली चूक सेंटर स्पीकरची होती. सिनेमातले बहुतेक संवाद याच स्पीकरमधून येतात, आणि मी तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलून ठेवला होता. आवाज कप्प्यातच घुमायचा. आता तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढलाय आणि खाली रबराचे तुकडे लावून तोंड किंचित वर, सोफ्याकडे केलंय. एक रुपया खर्च न करता निम्मा फरक इथेच पडला.

आणि रिसीव्हरवर काहीही ठेवू नका! वरची जाळी उष्णता बाहेर जाण्यासाठी असते. वर रुमाल टाकला की मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला प्रोटेक्ट मोडमध्ये जाऊन बंद पडतं. आईच्या 'मध्येच बंद होतंय' या तक्रारीचं उत्तर फुलदाणीखालीच होतं.

स्टेप २: वायरिंग

आधी रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढा. स्पीकरची वायर दोन पदरी असते. रिसीव्हरचा लाल स्पीकरच्या लालला आणि काळा काळ्याला जोडायचा. एखाद्या स्पीकरची उलटापालट झाली तर तो बिघडत नाही, पण आवाज पोकळ येतो आणि बेस गायब होतो. तांब्याचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट होऊन परत प्रोटेक्ट मोड. टोकं पिळून घट्ट करा किंवा बनाना प्लग लावा.

स्टेप ३: एचडीएमआय आणि आर्क

सेट-टॉप बॉक्स आणि बाकी डिव्हाइस रिसीव्हरच्या इनपुटला जोडा. रिसीव्हरच्या आउटपुटमधून एक केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर 'आर्क' किंवा 'ई-आर्क' लिहिलंय, त्याच पोर्टला लावा. आर्क म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर काही लावलं तर त्याचा आवाज त्याच केबलमधून उलटा रिसीव्हरकडे येतो. ही सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आली. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये ई-आर्क आलं, त्यातून डॉल्बी ट्रूएचडीसारखा पूर्ण दर्जाचा आवाजही जातो. आपल्या रोजच्या ओटीटीसाठी साधं आर्कही पुरतं.

आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. कंपन्यांनी याला वेगवेगळी नावं दिलीत: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरमध्येही एचडीएमआय कंट्रोल चालू करा. आता टीव्ही चालू केला की रिसीव्हर आपोआप चालू होईल आणि टीव्ही बंद केला की बंद. शेवटी टीव्हीचा आवाज 'टीव्ही स्पीकर'वरून काढून रिसीव्हरवर टाका.

स्टेप ४: माइकने मोजमाप

रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. डेननमध्ये या सिस्टिमला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ. प्रत्येक स्पीकरमधून टोन वाजवून रिसीव्हर त्याचं अंतर आणि पातळी मोजतो. अंतर कशाला? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. पुढचा स्पीकर तीन मीटरवर आणि सराउंड दीड मीटरवर असेल, तर सराउंडचा आवाज चार मिलिसेकंदांहून जास्त आधी पोहोचेल. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो.

माझी दुसरी चूक इथे झाली होती. दिवाळीच्या घाईत माइक सोफ्याच्या गादीवर ठेवला, डोक्यावर पंखा फिरत होता आणि स्वयंपाकघरात कढई चढलेली. या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, आईला दहा मिनिटं मिक्सर न लावण्याची विनंती. माइक ट्रायपॉडवर, बाबा बसले की त्यांचा कान जिथे येतो बरोबर त्या उंचीवर.

नंतर मेन्यूत दोन गोष्टी तपासा. छोटे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास आहे का बघा, म्हणजे त्याखालचा बेस सबवूफरकडे जातो. अगदी छोट्या सॅटेलाइट स्पीकरना क्रॉसओव्हर थोडा जास्त लागतो. आणि सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर टेप घेऊन दुरुस्त करत बसू नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर रिसीव्हर अंतर म्हणून मोजतो.

स्टेप ५: संवाद ऐकू येण्यासाठी

स्पीकर लेव्हलमध्ये जाऊन फक्त सेंटर ३ डेसिबलने वाढवा. तेवढ्याने बाकीचा गोंगाट न वाढता माणसांचे आवाज पुढे येतात. मग 'नाइट मोड' किंवा डायनॅमिक रेंज कंट्रोल चालू करा. त्याने स्फोट, गाणी यांचा मोठा आवाज दबतो आणि हळू बोललेलं वर येतं. बाबांसाठी या दोन सेटिंगनी जे काम केलं, ते महागड्या स्पीकरनेही झालं नसतं.

आणखी एक गंमत. आई विचारत होती, "आवाज मायनस ४० कसा असतो रे?" बऱ्याच रिसीव्हरमध्ये व्हॉल्यूम मायनस डेसिबलमध्ये दिसतो. मेन्यूत तो शून्यापासून वर मोजणाऱ्या स्केलवर बदलता येतो. सोबत मॅक्झिमम व्हॉल्यूमची मर्यादा घालून ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी कुणी दचकणार नाही.

स्टेप ६: चार रिमोटचा एक रिमोट

बहुतेक रिमोट इन्फ्रारेड प्रकाशाची उघडझाप करून बोलतात, साधारण सेकंदाला ३८ हजार वेळा. त्या उघडझापीच्या नमुन्यात 'हा कोणता डिव्हाइस' आणि 'काय करायचं' हे लिहिलेलं असतं. युनिव्हर्सल रिमोट हेच नमुने लक्षात ठेवतो. ही कल्पना जुनी आहे. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीही १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा प्रोग्रॅम करता येणारा रिमोट काढला होता.

प्रोग्रॅमिंगचे दोन मार्ग आहेत.

कोड टाकून: 'टीव्ही' बटण आणि 'सेट' दाबून धरा, दिवा लुकलुकला की पुस्तिकेतला तुमच्या ब्रँडचा कोड टाका. मग पॉवर, व्हॉल्यूम, म्यूट तिन्ही तपासा. फक्त पॉवर चालला म्हणून थांबू नका, एका ब्रँडचे बरेच कोड असतात. बटणांचा क्रम रिमोटप्रमाणे थोडा बदलतो.

शिकवून: कोड मिळत नसेल तर लर्निंग रिमोट घ्या. दोन्ही रिमोट टेबलवर तोंडाला तोंड लावून, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवा. नव्यावरचं बटण निवडा, मग जुन्यावरचं तेच बटण दाबा. लागेल तेवढीच बटणं शिकवा. मी एकूण अकरा शिकवली.

रिमोट सिग्नल सोडतोय का, अशी शंका असेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक आहे.

आता तीन महत्त्वाच्या टिप्स:

१. व्हॉल्यूमची बटणं प्रत्येक मोडमध्ये रिसीव्हरलाच बांधून टाका. याला व्हॉल्यूम पंच-थ्रू म्हणतात. आमच्याकडचे निम्मे फोन यामुळेच थांबले.

२. मॅक्रो म्हणजे एका बटणात अनेक आदेश. पण पॉवर बटण बऱ्याचदा टॉगल असतं, म्हणजे चालू असलेला बॉक्स मॅक्रोमुळे बंद होतो. म्हणून टीव्ही आणि रिसीव्हरचं चालू-बंद मी सीईसीवर सोडलं. मॅक्रोत फक्त रिसीव्हरचं इनपुट बदलणं ठेवलं, आणि त्याआधी सहा सेकंद थांबा टाकला. रिसीव्हर जागा व्हायला वेळ घेतो, त्याआधी आलेला आदेश त्याला ऐकूच जात नाही.

३. काही स्ट्रीमिंग स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना इन्फ्रारेड रिमोट उपयोगाचा नाही. तिथे सीईसी मदतीला येतं: टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके बटण स्टिकलाही चालतात.

शेवटची टेस्ट

सगळं झाल्यावर मी रिमोटवरच्या चार बटणांना रंगीत टिकल्या लावल्या. हिरवी चालू-बंद, लाल आवाज कमी, पिवळी आवाज जास्त, निळी टीव्ही बघायला. बाकीचे रिमोट डब्यात घालून कपाटात ठेवले. मग आईला रिमोट दिला आणि मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मदत करायची नाही, असं ठरवलंच होतं.

आतून आधी बातम्यांचा आवाज आला, मग मालिकेचा. थोड्या वेळाने बाबांचा, "अगं, जरा कमी कर, येतंय मला ऐकायला."

तुम्हीही घरी सेटअप करून देणार असाल तर शेवटी हीच टेस्ट घ्या. तुम्ही खोलीत नसताना टीव्ही लागला, तर सेटअप पूर्ण झाला असं समजा.