बावन्न पुस्तकं आणि एक बिम्म

गेल्या ३१ डिसेंबरची रात्र. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी केलेला 'ओल्ड मॅन' जळायची वाट बघत उभा होता. (बेळगावकरांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सरत्या वर्षाचा पुतळा करून मध्यरात्री जाळायची ही आमच्याकडची जुनी रीत.) बायको आणि लेक खाली गेलेल्या. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो आणि कानात हेडफोन लावून एक इंग्रजी फँटसी कादंबरी ऐकत होतो. कादंबरी सव्वा तास उरली होती, वर्ष पाऊण तास. दुप्पट वेगाने ऐकली तर जमत होतं. जमलंही. बाराला सात मिनिटं कमी असताना मोबाईलवर वाचनाच्या ॲपने रंगीत कागद उधळले. ५२ पैकी ५२ पुस्तकं, संकल्प पूर्ण!

दोन दिवसांनी निपाणीला आप्पांकडे गेलो. माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आता घरीच असतात, आणि काचबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. मी मोठ्या तोऱ्यात बावन्नचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "शेवटचं कुठलं वाचलास? गोष्ट सांग की."

मी सांगायला लागलो. एक मुलगी, एक किल्ला, राखेचा पाऊस... मग तिचा गुरू मेला की तिनेच त्याला मारलं, इथे गाडी अडली. दोनच दिवस झाले होते ऐकून! आप्पा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "पुस्तक वाचलास, खरं गोष्ट कुठं हाय?" आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे लक्षात ठेवून वाचा. तसं न वाचताही वाक्य लागूच पडतं.

सॉफ्टवेअरमधल्या माणसाला मोजण्याची खोड असते. ऑफिसात तिकिटं मोजतो, बग मोजतो, घरी आल्यावर पावलं मोजतो. चार वर्षांपूर्वी पुस्तकंही मोजायला लागलो आणि हळूहळू पुस्तकाची निवड त्याच्या जाडीवरून व्हायला लागली. शंभर पानी लघुकादंबरी म्हणजे एक पुस्तक आणि हजार पानी ग्रंथ म्हणजेही एकच. मग शहाणा माणूस काय उचलणार? 'व्हील ऑफ टाइम'चे शेवटचे चार खंड चार वर्षं कपाटात पडून आहेत ते यामुळेच. रॉबर्ट जॉर्डनने १९९० साली सुरू केलेली ही मालिका चौदा खंडांची आहे. २००७ साली जॉर्डन गेला. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन खंड लिहून २०१३ साली ती पुरी केली. एका लेखकाला ती पुरी करायला आयुष्य पुरलं नाही आणि मला काय, आकडा बिघडतो म्हणून वेळ नाही.

मला अद्भुत कथांचं वेड लावलं ते आप्पांनीच. नव्वदच्या दशकात निपाणीत संध्याकाळी वीज जायची ती जायचीच. आप्पा वाचनालयातून नारायण धारपांच्या कादंबऱ्या आणत. आई त्या घरात उघड्या ठेवू देत नसे, कारण मी भिऊन रात्री उठवायचो. मग अंधारात कंदिलाशेजारी बसून आप्पा गोष्ट तोंडी सांगत. धारपांचे समर्थ मला आधी कानांनी भेटले आणि पुढे दहा वर्षांनी छापील. मधल्या काळात चांदोबा होता, आणि भा. रा. भागवत होते. भागवत म्हटलं की सगळ्यांना फुरसुंगीचा फास्टर फेणे आठवतो. मला मात्र त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न जास्त प्रिय. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' वाचून आम्ही दोघा मित्रांनी तवंदी घाटाच्या पायथ्याशी पृथ्वीच्या पोटात जायची वाट शोधली होती. सापडला तो घोरपडीचा बीळ, आणि घरी गेल्यावर मार.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. बी.ई.ला बेळगावला आलो तेव्हा हॉस्टेलमध्ये पोरं इंग्रजी हॅरी पॉटर वाचत होती. मी शेजारी डिक्शनरी ठेवून पहिला भाग महिनाभर वाचला. त्यातली एकेक गोष्ट मला आजही पाठ आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. नंतर तो मराठीतही आला. मुग्धा कर्णिक यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'सुद्धा मराठीत आणलं. पण आमचं तोवर इंग्रजीत नाव दाखल झालं होतं.

इंग्रजीतली पहिली मालिका मी जी खरोखर जगलो ती आयझॅक ॲसिमॉव्हची 'फाउंडेशन'. आधी १९४२ पासून सुट्या कथा आणि मग १९५१ ते १९५३ मध्ये तीन पुस्तकं. हजारो वर्षांचं गॅलॅक्टिक साम्राज्य कोसळणार, हे हॅरी सेल्डन नावाचा गणिती समीकरणांनी ओळखतो. तो निवडक माणसांना आकाशगंगेच्या अगदी कडेला टर्मिनस नावाच्या ग्रहावर पाठवतो. काम काय, तर विश्वकोश लिहायचा. ग्रहावर धातू जवळपास नाहीत, आजूबाजूला चार आडदांड राज्यं. पुढे कळतं की विश्वकोश हा नुसता बहाणा होता, टिकून राहणं हेच खरं काम. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी हे वाचत होतो (निकाल विचारू नका) आणि मनात आलं, कडेवरच्या एका लहान गावात बसून विश्वकोश लिहिणारी माणसं आपल्याकडेही आहेत की! वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हेच केलं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. फरक इतकाच की वाईत तो बहाणा नव्हता, खरोखरच लिहिला.

कडेवरच्या माणसाला या पुस्तकांत आणखी एक गोष्ट पटकन दिसते, ती म्हणजे नकाशा. फँटसी कादंबरी उघडली की पहिल्या पानावर नकाशा असतो. बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात. आमच्या घरात तो आधी नीट बघतात. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. आम्ही रोज सकाळी राज्य ओलांडून शिकायला गेलेल्यांची जात. १९५६ साली कुणीतरी कागदावर ओढलेली रेघ आजीच्या माहेरच्या आणि सासरच्या मधून कशी गेली, हे ऐकत मी मोठा झालो. त्यामुळे टॉल्किनने नदी कुठे काढली आहे यावर माझं बारीक लक्ष असतं.

आणि नावं! उर्सुला ल गुइनचं 'अर्थसी' माझं सगळ्यात लाडकं. पहिलं पुस्तक १९६८ सालचं, पॉटरच्या कितीतरी आधी जादूची शाळा त्यात आहे. तिथली जादू म्हणजे प्रत्येक वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. दगडाचं, ससाण्याचं, समुद्राचं. माणूस आपलं खरं नाव अगदी विश्वासातल्यालाच सांगतो. ज्या शहराला आम्ही घरात बेळगाव म्हणतो, इंग्रजीत बेलगाम लिहीत होतो, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी लिहितो आणि जुन्या कथांत वेणुग्राम वाचतो, त्या शहरात राहून हे पुस्तक वाचताना वेगळंच काहीतरी होतं. याहून जास्त या विषयावर मी बोलत नाही. कौटुंबिक मासिक आहे.

'ड्यून' मला थोडं कोरडं वाटतं. वाळवंटच आहे म्हणा. त्याची एक हकीकत मात्र नव्या लिहिणाऱ्यांनी ऐकावी. वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९६५ मध्ये ते छापलं ते मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाने.

आता माझ्या अज्ञानाची कथा. जानेवारीत आप्पांचा टोमणा डोक्यात घेऊन कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेलो. आमच्या सीमाभागातल्या खेड्यापाड्यांत भरणारी ही संमेलनं म्हणजे भाषणं, भोजन आणि पुस्तकांचे स्टॉल. मी यातल्या शेवटच्या दोन्हींसाठी जातो. तिथे जी. ए. कुलकर्णींची पुस्तकं चाळताना एका पुस्तकाच्या लेखक-परिचयात वाचलं: जन्म १९२३, एकसंबा, जिल्हा बेळगाव. एकसंबा! चिकोडी तालुक्यातलं, निपाणीहून गाडीने तासाभराच्या आतलं. माझ्या चुलतबहिणीचं सासर. लग्न-बारशी मिळून चार-पाच वेळा मी तिथे जेवून आलोय आणि एकदाही कुणी हे बोललं नाही. जी. ए. म्हणजे धारवाडचे, इंग्रजीचे प्राध्यापक, 'काजळमाया'वाले, एवढंच मला ठाऊक. शाळेत त्यांचं नाव 'अवघड' या शब्दाबरोबर यायचं, म्हणून बाजूला ठेवलेले.

संमेलनातून 'रमलखुणा' आणली. दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. वाचायला तीन आठवडे लागले. गूढ नगरं, लांबचा प्रवास, न टळणारी नियती. ज्याच्यासाठी मी पंधरा वर्षं इंग्रजीत हजारो पानं तुडवत होतो ते सगळं इथे होतं, माझ्या भाषेत, आणि माझ्या पावण्यांच्या गावात जन्मलेल्या माणसाने लिहिलेलं. अवघड आहे का? आहे. पण 'सिल्मरिलियन' मी तीनदा अर्धवट टाकून चौथ्यांदा वाचलंय. तिथे चिकाटी होती आणि इथे 'अवघड' म्हणून सोडून दिलं, हा हिशेब काही जुळत नाही.

नारळीकरांचंही थोडंफार असंच. जन्म कोल्हापूरचा, आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. नावाच्या वजनाने बक्षीस मिळायला नको म्हणून. आणि पहिला नंबर आला. २० मे २०२५ ला ते गेले, त्या आठवड्यात मी 'वामन परत न आला' पुन्हा काढली. शाळेत असताना ती यंत्रमानवाची थरारक गोष्ट होती. आता दिवसभर एआयच्या साधनांबरोबर काम करतो. ज्या यंत्राची बुद्धी आपल्यापेक्षा पुढे जाऊ शकते ते घडवावं का, हा प्रश्न ८०च्या दशकात मराठीत विचारून ठेवलेला पाहून लॅपटॉप मिटून थोडा वेळ गॅलरीत बसलो.

एवढं सगळं झाल्यावर एका संध्याकाळी लेकीला म्हटलं, हे वाच बघू. ती नऊ वर्षांची, चौथीत. शाळेत इंग्रजी पहिली, कन्नड दुसरी, हिंदी तिसरी भाषा. मराठी ती अखंड बोलते, भांडते तर फारच छान. मी गृहीत धरलं होतं की देवनागरी येते म्हणजे मराठी वाचता येणार. तिने पुस्तक हातात घेतलं, अर्धं पान वाचलं आणि रडायला लागली. 'चोर' हिंदीसारखा वाचला, मग तिलाच तो शब्द ओळखू येईना. 'ळ' आल्यावर थांबली. रोज दहा वेळा तोंडाने 'बेळगाव' म्हणणाऱ्या मुलीने तो कागदावर पाहिलाच नव्हता. मी उच्चार करून दाखवला तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "हा तर कन्नडमधला ळ आहे!" आणि वहीत कन्नड ळ काढून शेजारी हा काढला. कन्नड शिकल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी घाबरलो. बावन्न पुस्तकांच्या धावपळीत घरातली एक गोष्ट हातातून निसटत होती, आणि ती मोजणारं ॲप कुठलंच नव्हतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पावणेदोनशे वर्षांची पुस्तकांची सोय या गावात आहे आणि माझ्या घरात ती वापरू शकणारी शेवटची व्यक्ती मी.

तर यंदाचा संकल्प. ॲपमध्ये आकडा १२ केलाय, आणि मुद्दाम जाड पुस्तकं घेतोय. तीन इंग्रजी पुस्तकांनंतर एक मराठी. दुप्पट वेग बंद. आणि दर रविवारी निपाणीला गेलो की अर्धा तास लेक आप्पांना मोठ्याने वाचून दाखवते. सुरुवात जी. एं.च्याच 'बखर बिम्मची'ने केली. हो, तेच 'अवघड' जी. ए., मुलांसाठी. लहानगा बिम्म, त्याची बहीण बब्बी, आणि बिम्मशी बोलणारं जग. पहिल्या रविवारी दीड पान झालं. आप्पा डोळे मिटून बसायचे, चुकलं की नुसतं "हं?" म्हणायचे, की ती मागे जाऊन पुन्हा वाचायची. चौथ्या रविवारी मी आत चहा करत होतो तेव्हा बाहेरून दोघांचं हसणं ऐकू आलं. कशाला हसले ते दोघंही सांगायला तयार नाहीत. पावसाळ्यात तवंदी घाटातल्या धुक्यामुळे दोन रविवार बुडाले तेव्हा तिने फोनवर एक प्रकरण वाचून दाखवलं. बिम्म आता दुसऱ्यांदा चालू आहे.

ॲपमध्ये मी नऊवर आहे. दिवाळी अंक धरले तर दहा, पण ते धरावेत का यावर घरात एकमत नाही.

मधल्या वारी झोपताना मी तिला 'अर्थसी' मराठीत तोंडी सांगतो. तिथे एक अडचण आलीय, वाचकांपैकी कुणाला सुचलं तर कळवा. गोष्टीतला गेड हा 'विझर्ड' आहे. मी 'जादूगार' म्हटलं तर आप्पा म्हणतात, जादूगार टोपीतून ससा काढतो, हा मांत्रिक. लेक म्हणते, मांत्रिक म्हणजे लिंबू-मिरचीवाला. 'सिद्ध' सुचवला, तो तिला गणितातला वाटला. तूर्तास 'जादूगार' चालू ठेवलाय, आप्पांचा विरोध नोंदवून.